ग्लेशिअरला बॅकपॅकिंगला चाललोय, पिस्तूल सोबत घ्यावं का? (एच वन बी व्हिसावर आहे)

कातळकडा

मंडळी नमस्कार. जरा घाईचा प्रश्न आहे, कारण परमिटचं बुकिंग झालंय आणि सामानाची यादी चाललीय. ऑगस्टच्या शेवटी मी, बायको आणि माझा मावसभाऊ असे तिघं मोन्टानात ग्लेशिअर नॅशनल पार्कला जातोय. बेली रिव्हरकडून आत शिरायचं, एलिझाबेथ लेकला मुक्काम आणि मग टार्मिगन टनेलमधून मेनी ग्लेशिअरला उतरायचं असा बेत आहे. आम्ही सिॲटलजवळ राहतो, कॅस्केड्समधे बऱ्यापैकी फिरलोय, पण तिथे काळी अस्वलं, ती बहुतेक वेळा माणसाची चाहूल लागली की आपणच सटकतात. ग्रिझलीच्या, म्हणजे मोठ्या तपकिरी अस्वलांच्या, इलाक्यात तंबू टाकून झोपायची ही पहिलीच वेळ.

माझ्या टीममधला एक अमेरिकन कलीग आहे, शिकार करणाऱ्यांच्या घरात वाढलेला, माणूस अगदी सज्जन. तो मनापासून काळजीने म्हणतोय की माझं दहा एमएमचं पिस्तूल घेऊन जा, छातीवर बांधायचा होल्स्टर पण देतो, अस्वलावर मारायच्या मिरचीच्या स्प्रेच्या भरवशावर राहू नकोस, वारा उलटा असला तर तुझ्याच डोळ्यात जाईल. नॅशनल पार्कात बंदूक न्यायला आता परवानगी आहे असंही तो म्हणाला, मी पार्कच्या साइटवर बघितलं तर ते खरंच आहे.

आपण सह्याद्रीत वाढलेलो, तिकडे हातात काठी, पायाखाली घोणस नाही ना बघायचं आणि कड्यावर आग्या मोहोळ असेल तर गप्प राहायचं, बंदूक हा विषयच कधी नव्हता त्यामुळे मला यातलं काहीच कळत नाही. बायको ठाम नाही म्हणतेय. आईने नाशिकला बसून यूट्यूबवर अस्वलांचे व्हिडिओ बघितलेत आणि ती म्हणतेय घेऊन जा बाबा जे काय मिळतंय ते. मी एच वन बी या नोकरीच्या व्हिसावर, बायको एच फोर या जोडीदाराच्या व्हिसावर, मावसभावाकडे ग्रीन कार्ड आहे आणि तो नेमबाजीच्या रेंजवर थोडंफार जाऊन आलाय. ज्यांनी ग्रिझलीच्या भागात मुक्काम केलेत त्यांनी प्लीज सांगा, नेऊ की नको?

जुनी_पायवाट

अस्वलाचं नंतर बघू, आधी तुमच्या व्हिसाचं बघा. तुम्ही ते पिस्तूल हातात पण घेऊ नका.

पार्कात बंदूक नेता येते हे बरोबर आहे, २००९ साली अमेरिकेच्या काँग्रेसने, म्हणजे संसदेने, कायदा केला आणि २२ फेब्रुवारी २०१० पासून ज्या राज्यात पार्क आहे त्या राज्याचे नियम तिथे लागू झाले. पण ते ज्याला मुळात बंदूक बाळगायचा हक्क आहे त्याच्यासाठी. फेडरल कायद्यात, टायटल १८ च्या कलम ९२२ मधे, स्वच्छ लिहिलंय की नॉन इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या, व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायची नाहीत. एच वन बी, एच फोर, एफ वन, एल वन सगळे त्यात आले. विकत घेणंच नव्हे, नुसतं जवळ असणं हाच गुन्हा, मग ती मित्राची का असेना. २०२२ च्या दुरुस्तीनंतर यात १५ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. आणि शिक्षा किती होते ते सोडा, बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलात की देशाबाहेर काढायला तेवढं एक कारण पुरतं, हे ग्रीन कार्डवाल्यालाही लागू आहे. तुमचा कलीग कितीही चांगला असला तरी त्यालाही हे सांगा, कारण अशा माणसाच्या हातात जाणूनबुजून बंदूक दिली म्हणून त्याच्यावरही बालंट येऊ शकतं.

आता कोणीतरी येऊन सांगेलच की हंटिंग लायसन्स काढलं की चालतं. कायद्यात तशी सूट आहे हे खरं, राज्याचं वैध शिकारीचं लायसन्स असेल तर. आपली बरीच पोरं तेवढ्यासाठी ते काढतात आणि रेंजवर जातात. पण शिकारीला न जाता, हायकिंगला, तेही मित्राचं हत्यार घेऊन, दुसऱ्या राज्यात जाताना त्या सवलतीवर आपलं ग्रीन कार्डच्या रांगेतलं सगळं भविष्य टांगायचं का? फारच वाटत असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला पैसे देऊन विचारा, इथे माझ्यासकट कोणाचं ऐकू नका.

मी हे जरा कळकळीने लिहितोय कारण आपल्या लोकांत हे माहीतच नसतं. अमेरिकन मित्रांना तर अजिबातच माहीत नसतं, त्यांच्या दृष्टीने बंदूक उसनी देणं म्हणजे शेजाऱ्याला शिडी देण्यासारखं आहे.

बोझमनकर

वरच्या दादांनी कायद्याचं लिहिलंय ते शंभर टक्के बरोबर. मी स्वतः सिटिझन आहे, मोन्टानात बरीच वर्षं राहतोय, आणि हो, मी बॅककंट्रीत, म्हणजे वस्तीपासून लांबच्या रानात, रिव्हॉल्वर बाळगतो, पॉइंट फोर फोर मॅग्नम. त्यामुळे बंदुकीच्या बाजूने बोलायला इथे मीच योग्य माणूस असेन, तरी तुम्हाला सांगतो की नेऊ नका, आणि तुम्ही सिटिझन असता तरी हेच सांगितलं असतं.

कारण असं आहे. ग्रिझली अंगावर येतं तेव्हा ताशी ५० किलोमीटरच्या वर वेगाने येतं. म्हणजे झुडपातून तीस मीटरवर निघालं तर तुमच्याकडे दोन सेकंद आहेत. त्या दोन सेकंदांत हात होल्स्टरवर जायला हवा, पिस्तूल बाहेर, नेम, आणि जे टार्गेट आहे ते खाली वर उसळत येतंय, त्याचं डोकं खाली आहे, कवटीचं हाड तिरकं आणि जाड. मी शनिवारी रेंजवर जातो ते कागदाला भोकं पाडायला नाही, होल्स्टरमधून काढून पहिला बार नेमका जायची सवय राहावी म्हणून जातो, आणि घाम फुटलेला असताना, दम लागलेला असताना माझा नेम किती वाईट होतो हे मला पक्कं माहीत आहे. एकदोनदा रेंजवर जाऊन आलेल्या माणसाच्या हातात तंबूच्या अंधारात भरलेलं पिस्तूल, आणि शेजारी दोन माणसं झोपलेली, मला अस्वलापेक्षा त्याची जास्त भीती वाटते.

अभ्यासाचं बोलायचं तर टॉम स्मिथ आणि स्टीव्हन हेरेरो या संशोधकांचे अलास्कातले दोन पेपर सगळीकडे फेकले जातात. २००८ च्या स्प्रेवाल्या पेपरमधे तपकिरी अस्वलांवर ९२ टक्के वेळा स्प्रे चालला आणि ज्यांच्याकडे स्प्रे होता त्यातल्या ९८ टक्के लोकांना इजा झाली नाही. २०१२ चा बंदुकांचा, त्यात २६९ घटना, हँडगन ८४ टक्के वेळा आणि लांब नळीच्या बंदुका ७६ टक्के वेळा यशस्वी, पण बंदूक चालवली काय नि नाही चालवली काय, माणसाला इजा होण्याचं प्रमाण तेवढंच. माझे बंदूकवाले मित्र म्हणतात ही तुलना बरोबर नाही, कारण स्प्रेच्या घटनांत नुसतं हुंगायला आलेली, कुतूहल म्हणून जवळ आलेली अस्वलं भरपूर आहेत आणि बंदुकीच्या घटना मुळातच जास्त बिघडलेल्या. त्यांचं म्हणणं मला पटतं, दोन आकडे शेजारी ठेवून ९२ मोठं की ८४ असं करू नये. पण त्या दुसऱ्या पेपरमधे बंदूक का फसली याची कारणं वाचा: काढायला वेळ मिळाला नाही, सेफ्टी उघडली नाही, जाम झाली, नेम चुकला, अस्वल इतकं जवळ आलं की वापरताच आली नाही. यातलं प्रत्येक कारण नवख्याच्या बाबतीत दुप्पट खरं.

आणि तुमच्या कलीगला वाऱ्याचंही सांगा, त्याच २००८ च्या पेपरमधे आहे. वाऱ्याने अडथळा केला अशा घटना होत्या ७ टक्के, आणि त्यातही स्प्रे अस्वलापर्यंत पोचला. वापरणाऱ्याला स्वतःला त्रास झाला १४ टक्के वेळा, बहुतेक नुसती जळजळ.

अजून एक, जे बंदूक घेणारे विसरतात. गोळी झाडल्यानंतर काय? मे २०१० मधे, कायदा बदलून तीन महिने झाले असतील, अलास्कातल्या डेनाली पार्कात एका बॅकपॅकरने झुडपातून आलेल्या ग्रिझलीवर पॉइंट फोर फाइव्हच्या नऊ गोळ्या झाडल्या. अस्वल परत झाडीत गेलं. त्याला आणि त्याच्या सोबतीणीला काही झालं नाही, पण नऊ गोळ्या लागून की चुकून झाडीत गेलेलं अस्वल जिवंत आहे की मेलंय हे कोणालाच माहीत नाही, पार्कवाल्यांना तो भाग बंद करून शोधावं लागलं, नंतर ते मेलेलं सापडलं. पार्कात बंदूक बाळगायला परवानगी आहे, चालवायला नाही, हा फरक नीट लक्षात ठेवा, स्वतःचा जीव वाचवायला चालवलीत तरी चौकशी होतेच. अलास्का आणि हवाई सोडून बाकीच्या ४८ राज्यांत ग्रिझली १९७५ पासून संरक्षित आहे. अलास्कात तर जिवाच्या भीतीने अस्वल मारलं तर त्याचं कातडं नख्यांसकट आणि कवटी काढून सरकारजमा करावी लागते. कुठल्या तरी दरीत एकटे असताना दोनतीनशे किलोचं जनावर सोलताय असा विचार करून बघा.

रानभूल

मी आणि माझा नवरा दरवर्षी ग्लेशिअरला जातो, बंदूक कधीच नेली नाही. तुमचा रूट माहितीचा आहे. ऑगस्टच्या शेवटी टार्मिगनच्या उतारावर हकलबेरी पिकलेली असते आणि अस्वलं दिवसभर त्यातच असतात, मान खाली घालून, खाण्यात इतकी गुंग की तुम्ही अगदी जवळ येईपर्यंत त्यांना कळत नाही. तिथे अपघात होतात ते यामुळे. तेव्हा आवाज करत चाला. बॅगेला लावायच्या घुंगरांचा काही उपयोग नाही, तो आवाज फार लांब जात नाही. तोंडाने ओरडा, वळणाआधी, ओढ्याच्या खळखळाटात, वारा समोरून असेल तेव्हा दुप्पट. आम्ही मराठीतच ओरडतो, "येऊ का रे बाळा" करत, समोरून येणारे गोरे लोक हसून हात करतात.

एकदा एलिझाबेथ लेकच्या अलीकडे सकाळी मी पुढे होते, वळणावरून आले आणि वाटेवरच ग्रिझली, पन्नासेक पावलांवर. खांद्यावर बैलाच्या वशिंडासारखा तो उंचवटा, त्यावरचे केस उन्हात टोकाला चंदेरी. ते मागच्या पायांवर उभं राहिलं. ते उभं राहणं म्हणजे हल्ला नव्हे, ते वास घेतात, बघतात कोण आहे, पण हे माहीत असूनही माझ्या तोंडाला कोरड पडली. स्प्रेचा डबा माझ्या कमरपट्ट्यावर उजवीकडे असतो, तो हातात आला तोपर्यंत अंगठ्याने नारिंगी क्लिप काढलेली होती. नवरा शेजारी येऊन उभा राहिला. आम्ही हळू आवाजात बोलत मागे सरकलो, पाठ न फिरवता, ते चार पायांवर आलं, फुस्स करून श्वास सोडला आणि डावीकडे खाली उतरून गेलं. स्प्रे मारावा लागला नाही. तेवढ्या वेळात माझी बोटं आपोआप चालली ती फक्त घरी केलेल्या सरावामुळे.

तर सराव करा. बाजारात सरावाचे डबे मिळतात, आत मिरची नसते, फवारा तसाच असतो. खरा डबा ईपीएची (अमेरिकेच्या पर्यावरण खात्याची) नोंदणी असलेला घ्या, किमान २२५ ग्रॅमचा, एक्स्पायरी बघून. माणसांवर मारायचा पेपर स्प्रे घेऊ नका, ती वेगळी वस्तू आहे, पल्ला अगदी कमी. तिघांकडे तीन डबे, आणि बॅगेत नाही, बाजूच्या जाळीच्या खिशातही नाही, पट्ट्यावर. अस्वल धावत येत असेल तर ते दहाबारा मीटरवर असताना थोडं खाली रोखून मारायला सुरुवात करायची म्हणजे समोर मिरचीचा ढग उभा राहतो आणि ते त्यातून येतं, नेम धरायची गरज नाही. तुम्ही गाडीने जाताय म्हणून ठीक, विमानात स्प्रे चालत नाही, ना हातातल्या बॅगेत ना चेक इनमधे. आणि पुढे कधी कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी पार्कला गेलात तर तिथे स्प्रे न्यायलाच बंदी आहे, तिकडे ग्रिझली नाहीत.

स्प्रेइतकंच महत्त्वाचं म्हणजे खाणं. १३ ऑगस्ट १९६७ च्या एकाच रात्री याच पार्कात दोन वेगळ्या ठिकाणी दोन तरुण मुली ग्रिझलीने मारल्या, एक ग्रॅनाइट पार्कला, एक ट्राउट लेकला. त्याआधी पार्कात कोणी अस्वलाकडून मेलेलं नव्हतं. ग्रॅनाइट पार्कच्या शॅलेमागे (पाहुण्यांच्या निवासामागे) उष्टं टाकलं जायचं आणि लोक रोज संध्याकाळी अस्वलं बघायला जमायचे, ट्राउट लेकचं अस्वलही कॅम्पवरच्या खाण्याला सोकावलेलं होतं. आता कॅम्पवर खाण्याची जागा वेगळी, झोपण्याची वेगळी आणि अन्न उंच टांगायला सोय असते. टूथपेस्ट, सनस्क्रीन, ओलं झालेलं चिवड्याचं पाकीट, सगळं वर. आपल्या मसाल्यांचा वास कपड्यांना राहतो म्हणून आम्ही स्वयंपाकाचा टीशर्टही टांगतो. तुमच्या मिसेसना सांगा मी त्यांच्या बाजूने आहे.

कातळकडा

सगळ्यांचे खूप खूप आभार, व्हिसाचं हे कलम मला अजिबात माहीत नव्हतं. मावसभावाने हा धागा वाचला आणि त्याचं म्हणणं की त्याच्याकडे तर ग्रीन कार्ड आहे, त्याने स्वतः घेतलं आणि स्वतःच्याच बॅगेत ठेवलं तर काय हरकत आहे? हा प्रश्न त्याचा, मी फक्त टाइप करतोय.

जुनी_पायवाट

त्याला स्वतःला बाळगायला हरकत नाही, बाकीचे नियम पाळले तर. पण तुम्ही तिघं एका तंबूत झोपणार, एका गाडीतून जाणार. वस्तू तुमच्या अंगावर नसली तरी तुम्हाला माहीत आहे आणि तुमचा हात पोचतो अशा ठिकाणी असली तरी ती तुमच्याही ताब्यात होती असा आरोप कोर्टात लावता येतो. वॉशिंग्टनहून आयडाहो ओलांडून मोन्टाना, रात्री कुठे तरी पोलिसाने गाडी थांबवली आणि पिस्तूल ग्लव्ह बॉक्समधे. आणि खरंच अस्वल आलं, भाऊ खाली पडला, तर तुम्ही ते उचलणारच ना? कोणीही उचलेल. म्हणून ते तिथे नसावं. शिवाय व्हिजिटर सेंटर आणि रेंजर स्टेशनच्या इमारतीत बंदूक चालत नाही, परमिट घ्यायला त्याने ते कुठे ठेवायचं?

कॅल्गरीवासी

बेली रिव्हरचा ट्रेलहेड, म्हणजे वाट सुरू होते ती जागा, कॅनडाच्या चीफ माउंटन बॉर्डरला अगदी खेटून आहे म्हणून लिहितोय. आपली बरीच मंडळी तिकडे गेली की पलीकडे कॅनडातल्या वॉटरटन पार्कला एक चक्कर मारतात. पिस्तूल घेऊन कॅनडाच्या बॉर्डरवर गेलात तर दिवस फार वाईट जाईल, इकडे २०२२ पासून हँडगन आणायला, विकायला बंदी आहे आणि आमच्या नॅशनल पार्कांत तर सामान्य माणसाने बंदूक वापरायचा प्रश्नच नाही. बेअर स्प्रे चालतो, फक्त त्यावर तो जनावरांसाठी आहे असं छापलेलं हवं, माणसांवरचा पेपर स्प्रे इथे बंदी असलेलं हत्यार धरतात.

आणि स्प्रे म्हणजे कवचकुंडलं नव्हेत हेही लिहायला हवं. सप्टेंबर २०२३ मधे इकडच्या बॅन्फ नॅशनल पार्कमधल्या रेड डिअर दरीत ग्रिझलीने एक जोडपं आणि त्यांचा कुत्रा मारला. अनुभवी माणसं होती, अन्न नीट टांगलेलं होतं, रिकामा झालेला स्प्रेचा डबा तिथे सापडला. आम्ही इकडे बॅककंट्रीत जाणारी सगळी माणसं त्या आठवड्यात हलून गेलो होतो. ते अस्वल म्हातारं, दातांची वाट लागलेली, हिवाळ्याच्या तोंडावर अंगात पुरेशी चरबी नसलेलं. तरीही मी स्प्रेच नेतो, आणि आता दोन नेतो, एक झोपताना हाताशी.

एकटी_वाट

थोडं वेगळं लिहिते. मी एकटी हाइक करते, वॉशिंग्टनमधेच, आणि मला अस्वलाची भीती कधीच वाटली नाही, माणसांची वाटते. ट्रेलहेडच्या पार्किंगमधे कोणी उगाच बोलत राहिलं, किती दिवस जाणार, एकटीच का, असं विचारलं की पोटात गोळा येतो. मी ग्रीन कार्डवर आहे, बंदूक घ्यावी असं वाटून गेलंय. इथे त्याबद्दल बोललं की सगळे अस्वलाचे आकडे तोंडावर फेकतात, माझा प्रश्न तो नसतोच.

बोझमनकर

ताई, तुमचा प्रश्न वाजवी आहे आणि त्याला अस्वलाचं उत्तर लागू नाही. घ्यायचीच असेल तर हायकिंगसाठी म्हणून घेऊ नका, आधी एखादा चांगला कोर्स करा, महिनोन्‌महिने सराव करा, घरात ठेवायची तिजोरी घ्या, आणि मग ठरवा. वॉशिंग्टनच्या कायद्यात हायकिंग, कॅम्पिंग करताना लपवून बाळगायच्या लायसन्सची सूट आहे, पण ती ट्रेलपुरती, वाटेत जेवायला थांबलात त्या हॉटेलात नाही, म्हणून लायसन्स काढलेलं बरं. मी माझ्या मुलीला मात्र आधी सॅटेलाइट मेसेंजर घेऊन दिला. पार्किंगमधे कोणी किती दिवस विचारलं तर ती म्हणते, मागून आमचा ग्रुप येतोय. आणि असं कोणी वाटलंच तर सरळ गाडी वळवून दुसरा ट्रेल. बंदूक काढायची वेळ येते तोपर्यंत माणूस फार जवळ आलेला असतो.

कातळकडा

आज कलीगशी बोललो. त्याला नियम सांगितला तर तो अक्षरशः पांढरा पडला, दहा वेळा सॉरी म्हणाला, आणि संध्याकाळी त्याचेच दोन स्प्रेचे डबे आणि होल्स्टर घेऊन घरी आला. एकाची तारीख संपलीय, तो आम्ही सरावाला मोकळ्या मैदानात वापरणार. मावसभावानेही विषय सोडला. आईला रानभूल ताईंचा अनुभव वाचून दाखवला, ती म्हणाली त्यांनाच सोबत घेऊन जा.

शेवटचं एक. बायकोला दमा आहे, थंडीत इन्हेलर लागतो. स्प्रे मारावा लागला तर तिला कितपत त्रास होईल?

रानभूल

तारीख संपलेला डबा मैदानात मारणार असाल तर वारा पाठीवर येईल असे उभे राहा आणि त्या दिवशी त्यांना घरीच ठेवा, नुसता उडालेला अंश नाकात गेला तरी आपल्याला पाचदहा मिनिटं खोकला सुटतो. त्यांच्या हातात फक्त सरावाचा डबा द्या. ट्रेलवर त्यांनी मधे चालावं, इन्हेलर बॅगेत नको, पँटच्या खिशात. डॉक्टरांशी आधी बोलून घ्या, जास्तीचा एक इन्हेलर तुमच्या बॅगेत राहू द्या. रात्री बाकी सगळी औषधं अन्नाबरोबर वर टांगायची असतात, इन्हेलर तंबूत ठेवायचा असेल तर परमिट घेताना रेंजरला तेवढं विचारा, कसा नि कशात ठेवायचा ते ते सांगतील.